एकाच ताग्यातल्या दोघी

मंगळवारी सकाळी साडेनऊला मी औषधाच्या खोलीत शिरले, तर खिडकीजवळच्या खुर्चीवर चादर घडी करून ठेवलेली. त्या खुर्चीवर बसणारी कुलूपवाली नव्हती. आधीचे चारही डोस आम्ही शेजारी शेजारी बसून घेतले होते, दर तीन आठवड्यांनी एक मंगळवार, आणि चारही वेळा ती माझ्याआधी येऊन, चपला काढून, पाय वर घेऊन घरच्यासारखी बसलेली असायची. सिस्टर माझ्या हाताची शीर शोधत होती. मी विचारलं, "खिडकीजवळच्या बाई?" तिनं मान वर केली नाही. "त्या आता मंगळवारी नाही यायच्या," म्हणाली, आणि लगेच, "पाणी प्यायलात ना भरपूर?" झालं. एवढंच झालं. पण मी काही काल जन्मलेली नाही. माणूस मान खाली घालून एक वाक्य बोलतं आणि त्यावर पाण्याचं झाकण ठेवतं, तेव्हा खाली काय आहे ते मला कळतं. सुई आत गेली, पट्टी चिकटली, नळीतून थेंब पडायला लागला. सिस्टर पुढच्या खुर्चीकडे वळली आणि मी त्या घडी केलेल्या चादरीकडे बघत बसले. चारी कोपरे नीट जुळलेले होते.

मी सव्वीस वर्षं कापड तपासलं. गिरणीतून कापड विणून आलं की ते आमच्याकडे यायचं. तिरकी काच, काचेखाली दिवे, आणि त्या उजेडावरून कापड सरकत जायचं. मी पायाखालची पट्टी दाबून ते थांबवायचे, तुटलेला धागा, भोक, तेलाचा डाग, जे काही असेल त्यावर खडूची खूण करायचे आणि परत सोडायचे. चांगलं कापड आमच्या खोलीत कुणी बघत नसे. ते डोळ्यांसमोरून जायचं एवढंच. दिवसाला दोन-अडीच हजार मीटर चांगलं कापड माझ्यासमोरून गेलं असेल आणि त्यातला एक वीतभर तुकडासुद्धा मला आज आठवत नाही. डाग मात्र आठवतात. निळ्या चौकटीच्या कापडावरचा जांभळाएवढा डाग, कोण्या विणकराच्या बोटाचं रक्त असणार, तो मला अजून दिसतो. घरातही तेच. लेकीच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा मी पहिलं बोलले ते असं की मागे कुणाची तरी पिशवी आलीय. लेक म्हणाली, "आई, तू ना!" आणि फोटो हातातून काढून घेतले. आता ती लांब राहते आणि मला फोटो पाठवायच्या आधी स्वतः चार वेळा बघते म्हणे.

आमच्या कामात एक नियम होता. माल जास्त असला की सगळे तागे उलगडत बसायला वेळ नसतो. मग एका मागावरून एका दिवशी निघालेल्या मालातला एक तागा नमुना म्हणून घ्यायचा आणि काचेवर टाकायचा. तो नापास झाला की त्याच्याबरोबरचे सगळे नापास. तेच सूत, तोच माग, तोच दिवस, मग वेगळं काय निघणार? आणि मी आणि कुलूपवाली, आमचं तर सगळंच एक होतं. दोघी त्रेपन्नच्या. दोघींची डावीकडची. दोघींना गाठ एकाच महिन्यात कळली, दोघींचं ऑपरेशन एकाच आठवड्यात, दोघींना तेच औषध, चार डोस लाल रंगाचे आणि मग चार पाण्यासारखे. पहिल्याच मंगळवारी तोंडात बर्फाचा खडा धरून ती मला म्हणाली होती, "म्हणजे आपण जुळ्या की हो!" आणि हसली. मी मात्र मनात म्हटलं होतं, एकाच ताग्यातल्या. तेव्हापासून मी तिच्याकडे बघत आले. तिची नखं काळी पडली की मी घरी येऊन माझी बघायची. तिला एकदा ताप आला तर मी आठवडाभर दिवसातून सहा वेळा थर्मामीटर लावला.

दोघींचं एक न बोलता ठरलेलं होतं, नंबर घ्यायचा नाही. नंबर असला की एक दिवस फोन दुसरंच कुणीतरी उचलतं. तिचं दुकान कुठे आहे ते मात्र मला माहीत होतं, कारण ती सारखी दुकानाबद्दलच बोलायची. ती आणि तिचा नवरा किल्ल्या बनवून द्यायचे, कुलपं उघडून द्यायचे, दुकानावरच घर. "लोक येतात आणि म्हणतात, किल्ली हरवली. मी विचारते, शोधली का? नाही म्हणे. दहातल्या सातांच्या खिशात असते, देवाशप्पथ." अशा तिच्या गप्पा. मी ऐकायचे आणि बघायचे. बोलताना तिला धाप लागतेय का, ओठ कोरडे आहेत का. एकदा ती मला म्हणाली होती, "अहो तपासनीसबाई, तुम्ही माझ्याशी बोलताय की माझी झडती घेताय?" मी हसले. मला वाटलं, थट्टा करतेय.

तर त्या दिवशी ती नव्हती. चार तास औषध चाललं आणि चार तासांत मी तिचं सगळं करून मोकळी झाले. ताप आला असणार. पांढऱ्या पेशी खाली गेल्या असणार. नवऱ्यानं रिक्षा बोलावली असेल, तोवर उशीर झाला असेल. मी त्या नवऱ्याला कधी बघितलंही नव्हतं, पण त्याचा पडलेला चेहरा मला स्पष्ट दिसला, त्याचा चुकीच्या बटणात अडकवलेला शर्टसुद्धा. तोंडात पत्र्याची चव आली. औषधाची असते ती, मला माहीत आहे, पण त्या दिवशी मला वाटलं ही तिची बातमी आहे. आणि एक गोष्ट सांगते, लाज वाटते पण सांगते. रडू येण्याआधी मला एक थंड समाधान वाटलं. कळलं एकदाचं. नमुना काचेवरून गेला, निकाल लागला. आता मला वाट बघायला नको.

हे माझ्यात आईकडून आलंय. माझ्या आईनं माझ्या वडिलांना किमान तीनशे वेळा मारलं असेल. वडील सहाला घरी यायचे. सहा दहा झाले की आई खिडकीत. सव्वासहाला ते सायकलवरून पडलेले असायचे, साडेसहाला ट्रकखाली, आणि पावणेसातला आम्ही तिघं भावंडं कुणाच्या दारात वाढणार याचा ती हिशेब लावत असायची, आणि मला जवळ घेऊन इतकं घट्ट आवळायची की माझा श्वास कोंडायचा. मग वडील यायचे, हातात काहीतरी खाऊ घेऊन. आई त्यांना अशी काही झापायची की बिचारे चपला काढायचे विसरायचे. मला त्या तासाभराचं सुख वाटायचं, खोटं कशाला बोलू. आईच्या कुशीत शिरायला मिळायचं ते तेव्हाच. वडील खरोखर गेले ते एका दुपारी, आरामखुर्चीत, पेपर वाचता वाचता. आई शेजारच्या खोलीत भाजी निवडत होती, गाणं गुणगुणत. तिला पाऊण तास पत्ताही नव्हता. नंतर ती मला म्हणाली, "त्या दिवशी मी काळजी करायला विसरले गं." मरेपर्यंत तिची समजूत होती की तिच्या काळजीनंच ते इतकी वर्षं जिवंत राहिले होते. आणि मी त्या घरात वाढले.

दवाखान्यात मन हलकं करायला एक मुलगी येते, गोड आहे, माझ्या लेकीच्या वयाची. तिसऱ्या डोसच्या वेळी तिनं मला एक वही दिली होती. पानावर तीन रकाने. पहिल्यात मनात आलेला विचार लिहायचा, दुसऱ्यात तो खरा असल्याचा पुरावा, तिसऱ्यात तो खरा नसल्याचा. मी म्हटलं, बाई गं, मला पुरावे शिकवतेस? पण घेतली वही. आता पाचव्या डोसनंतर घरी आले, उलट्यांची गोळी घेतली, आणि वही काढून पहिल्या रकान्यात लिहिलं, 'कुलूपवाली गेली.' दुसऱ्यात लिहिलं, चादर. सिस्टरची मान. पाण्याचा प्रश्न. तिसरा रकाना कोरा ठेवला. गुरुवारी बँकेच्या कामाला जायच्या निमित्तानं मुद्दाम तिच्या रस्त्यानं बस धरली. अंगात त्राण नव्हतं, खिडकीच्या दांडीला धरून बसले होते. भर अकराला दुकानाचं शटर खाली. आजूबाजूची सगळी दुकानं उघडी, आणि त्या एकाचं शटर खाली. घरी येऊन दुसऱ्या रकान्यात तेही लिहिलं. अक्षर छान आलं.

मग सुरू झालं ते सांगून कळायचं नाही. मला कुणी धाक दाखवत नव्हतं, कुणी वाईट बोलत नव्हतं. डॉक्टरांनी तर तपासून म्हटलं होतं, ठीक चाललंय. पण 'ठीक' म्हणताना ते कागद चाळत होते, माझ्याकडे बघत नव्हते. आंघोळीला बसले की वाटायचं, दाराबाहेर ती उभी आहे, चपला हातात घेऊन, माझं आटपायची वाट बघत. रागानं नाही हो, आपली सोबतीनं. भांडी लावताना मागे कुणीतरी बर्फाचा खडा तोंडात फिरवल्याचा बारीक आवाज यायचा. मी वळून बघायची नाही. घास तोंडात फिरत राहायचा. सुरुवातीचे दिवस औषधाचे असतात, माहीत होतं. पण दहा दिवस झाले, बारा झाले, तरी अंगातलं कापरं जाईना. आणि त्यातच मला सापडलं की माझ्या काखेत काहीतरी टोचतंय. दिवसभर मी तिथं दाबून बघायची. दाबून दाबून तिथं दुखायला लागलं, आणि दुखतंय म्हणून मी आणखी दाबायची.

शेवटी एका दुपारी नवऱ्याला सांगितलं. तो टपाल कचेरीत पत्त्यांप्रमाणे पत्रं वेगळी करतो, सकाळपाळी असते, अडीचला घरी येतो. हात धूत होता. मी म्हटलं, "मी आता पुढचे डोस घेणार नाही."

"का?"

"उपयोग नाही. कुलूपवाली गेली."

तो टॉवेल घेऊन वळला. "अरेरे! कधी?"

"पाचव्याच्या आधी कधीतरी."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? मला कळतं."

तो गप्प बसला. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली वीस तरी तो गप्पच असेल. मग मी त्याला नमुन्याचं सगळं समजावलं, तेच सूत, तोच माग. तो टॉवेलानं एकेक बोट पुसत ऐकत होता. मी म्हटलं, तीन डोस उरलेत, तेवढ्यासाठी कशाला मरायच्या आधी मरू? निदान चव तरी परत येईल तोंडाची. त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं आता भांडेल, निदान हात तरी धरेल. त्यानं टॉवेल दांडीवर टाकला, सरळ केला, आणि म्हणाला, "तुझं ठरलंच असेल तर मी काय ओढत नेणार तुला? पण तिच्या घरी जाऊन ये. चार डोस शेजारी बसून घेतलेत. माणूस गेलं तर भेटायला जायला नको?" आणि मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी तर रोज पत्ता वाचल्याशिवाय कुठलं पत्र कुठल्या खणात टाकत नाही." त्याच्या तोंडून एवढं मोठं वाक्य आलं की तो चिडलेला असतो.

सहाव्या डोसच्या आधीच्या शनिवारी गेले. डोक्याला रुमाल बांधला, इस्त्रीची साडी नेसले. वाटेत बोलायचं पाठ केलं, फार गुणी होत्या हो, फार हसवायच्या. दुकान उघडं होतं. आत एक माणूस यंत्रावर किल्ली घासत होता, चष्म्यावर पितळेची धूळ, समोर दोन गिऱ्हाइकं. शर्टाची बटणं नीट लावलेली. मी मनात म्हटलं, घ्या, अठरा दिवस नाही झाले आणि लागला कामाला. पुरुषांची जात. त्याच्याशी बोलायला जीभ रेटेना. बाजूनं जिना होता, म्हटलं वर कुणी बाईमाणूस असेल तर बरं. वीस पायऱ्या, तीनदा थांबले. दार वाजवलं.

दार तिनंच उघडलं.

डोक्यावर बारीक लव उगवलेली, अंगात ढगळ गाऊन, हातात अर्धी सोललेली मोसंबी. मी चौकट धरली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. आनंद नाही, आश्चर्यही नाही. घरमालक भाडं मागायला आल्यावर पडतो ना, तसा पडला.

"तुम्ही?" ती म्हणाली. "सिस्टरनं सांगितलं का तुम्हाला? मी बजावलं होतं, सांगू नका म्हणून."

"तुम्ही... तुम्ही नव्हता मंगळवारी."

"मी वार बदलून घेतला. गुरुवार. पाचवा डोस गुरुवारी घेतला, दुकान बंद ठेवून हेही आले बरोबर." तिनं दार पुरतं उघडलं. "आत या. उभ्यानं पडाल."

आत गेले. ती पलंगावर बसली, मी खुर्चीवर. मी म्हटलं, "का बदललात?" माझा आवाज मलाच भांडखोर वाटला. खरं सांगते, मला तिचा राग आला होता. अठरा दिवस मी जिला रडले ती इथे मोसंबी खात होती.

"खरं सांगू? राग मानू नका." तिनं मोसंबीची एक फोड सोलली आणि हातातच धरून ठेवली. "तुमच्यामुळे. तुम्ही बघायच्या ना माझ्याकडे, नखांकडे, ओठांकडे. बघून गप्प व्हायच्या. मी घरी येऊन आरशात बघायची, की तपासनीसबाईंना काय दिसलं असेल? डॉक्टर म्हणायचे छान चाललंय, आणि मला वाटायचं, डॉक्टरांना काय कळतंय, त्या बाईंचा चेहरा बघा. चौथ्या डोसला तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत आणि मान वळवलीत. आठवतं? चार रात्री झोपले नाही मी. पायाला काय झालंय, पायाला काय झालंय. शेवटी हे म्हणाले, वार बदलून घे."

मला आठवत होतं. चौथ्या डोसला मी तिच्या पायांकडे बघितलं होतं, कारण तिच्या पैंजणाचा एक घुंगरू तुटला होता. मी मान वळवली, कारण मला वाटलं सांगावं, आणि मग वाटलं, कशाला. एवढंच होतं ते. मी तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग आपल्या पायाकडे. "घुंगरू," ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मलाही आलं. दोघी टकल्या बायका भर दुपारी समोरासमोर बसून रडत होतो. खालून किल्ली घासल्याचा आवाज येत होता. मग मी माझं सांगितलं. चादर, सिस्टर, शटर, सगळं. मी तिला मारून टाकलं होतं हेही सांगितलं, आणि तिच्यामागून मीही जायचं ठरवलं होतं, डोस सोडणार होते, तेही. तिनं हातातली फोड खाली ठेवली. म्हणाली, "अहो, मी वार बदलला आणि तुमचा जीव गेला असता की."

निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. मी चपला घातल्या. पायरीवर एक पाय टाकला तोच तिनं माझा दंड धरला. जिन्यातल्या खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. "आता आलाच आहात तर," ती म्हणाली, आणि तिची बोटं माझ्या दंडात रुतली, "एकदा बघा माझ्याकडे. नीट बघा. आणि खरं सांगा, काय दिसतं?" हीच बाई माझ्या नजरेपासून पळाली होती. तिचा आवाज लहान झाला होता, डॉक्टरांच्या दाराशी होतो तसा. आणि मी बघितलं. बघायला मला वेळ लागत नाही. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला पिवळट दिसला. किंचित, कडेकडेनं. पाव मिनिटात माझ्या डोक्यात पुढचं सगळं उलगडत गेलं, यकृत, तपासणी, खाट, खालचं दुकान बंद, आणि मग माझी पाळी. ती श्वास धरून उभी होती. माझा चेहरा वाचत होती. मला पहिल्यांदाच कळलं की माझ्या चेहऱ्यावर एवढं काही लिहिलेलं असतं.

"मला कापडातलं कळतं," मी म्हटलं. "माणसातलं मला काहीही कळत नाही. एक अक्षर कळत नाही. गुरुवारी डॉक्टरांना विचारा." हे बोलताना मी तिच्याकडेच बघत होते, मान वळवली नाही. तिनं सुस्कारा सोडला. दंड सोडला. "तुमचा मंगळवार आहे ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं, आणि म्हटल्यावर मला कळलं की मी जाणार आहे.

मी जिना उतरायला लागले. जिन्यातल्या खिडकीला पडदा होता, ऊन त्यातूनच येत होतं. तो पडदा पिवळा असेल तर तिच्या डोळ्यांत काही नव्हतं, आणि पांढरा असेल तर होतं. मान वळवली असती तर दिसलं असतं. एवढं सोपं होतं ते, आणि माझी मान वळण्यासाठी दुखत होती, खरोखर दुखत होती. मी कठड्याला धरलं आणि पुढच्या पायरीकडे बघत एक एक पायरी उतरले. रस्त्यावर येऊन नवऱ्याला फोन केला. म्हटलं, "ती आहे." पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग मी म्हटलं, "मंगळवारची रजा टाक."